बोर्डावरील बाई आणि आज्ञावली

कचेरीतील टेलिफोन हा भाषणाचा विषय होऊ शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. टेलिफोन वाजतो, आपण तो उचलतो, हवा तो मनुष्य बोलू लागतो. न लागल्यास आपण यंत्राला दोष देतो आणि पुन्हा नंबर फिरवितो. पण बोलू इच्छिणारा आणि ज्याच्याशी बोलावयाचे तो, या दोघांच्या मध्ये नेहमीच तिसरे कोणी तरी असते. कोणाचे बोलणे कोणापर्यंत पोहोचू द्यावयाचे, कोणाला थांबवावयाचे, कोणाला दुसरीकडे वळवावयाचे, हे ते तिसरे कोणी ठरवीत असते. गेल्या दीडशे वर्षांत या जागी प्रथम माणूस होता, मग लोखंडी यंत्र आले, आणि आता आज्ञावली आहे. त्या तिसऱ्या जागेचा हा थोडासा इतिहास.

मी सरकारी नोकरीत शिरलो तेव्हा माझ्या पहिल्या कचेरीत जिन्याखालच्या खोलीत जुन्या पद्धतीचा टेलिफोनचा बोर्ड अजून टिकून होता, आणि बोर्डावर एक बाई बसत असत. सेवानिवृत्तीला त्यांना थोडेच महिने उरले होते. त्यांच्यापुढे पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही असे. तीत नंबर तर होतेच. पण नंबरांच्या शेजारी बारीक अक्षरांत टिपा होत्या. अमुक साहेब जेवणाच्या सुट्टीत फोन घेत नाहीत, पण शाळेतून फोन आला तर घेतात. तमुक गावाहून फोन आला तर मनुष्य दुकानात उभा राहून बोलत असतो, त्याला थांबवून ठेवू नये. पहिल्या जूनपासून सप्टेंबरअखेर रात्री बोर्ड बंद करताना बाहेरची लाइन तळमजल्यावरच्या नियंत्रण कक्षाला जोडून जावे, एरवी पहारेकऱ्याच्या खोलीला. ही वही कोणी लिहावयास सांगितली नव्हती. तिला फायलीचा क्रमांक नव्हता. आमच्या कचेरीच्या दप्तरात ती कोठेच नव्हती, आणि तरीही कचेरी बऱ्याच अंशी तिच्यावर चालत होती. त्या वहीचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते ७ मार्च १८७६ रोजी. दोन वर्षांच्या आत, २८ जानेवारी १८७८ रोजी, अमेरिकेतील न्यू हेवन या गावी पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले; वर्गणीदार होते एकवीस. प्रारंभी बोर्डावर तार खात्यातील पोरे बसवीत. ती चपळ असत, पण गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत. म्हणून त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी बॉस्टन येथे एमा नट या बाईंची नेमणूक झाली, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे टेलिफोन ऑपरेटर म्हणजे स्त्री, हे समीकरण जगभर रूढ झाले. त्या काळी नंबर नव्हते. वर्गणीदार नाव सांगे आणि ऑपरेटर ते नाव कोणत्या भोकाचे हे ध्यानात ठेवून दोरी जोडून देई. म्हणजे गावाची सारी यादी तिच्या डोक्यात असे. १८७९च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गावी गोवराची साथ आली, तेव्हा तेथील डॉक्टर पार्कर यांच्या मनात आले की, बोर्डावरच्या चारही जणी एकाच वेळी आजारी पडल्या तर नव्या माणसाला ही नावे कोठून ठाऊक असणार? त्यांनी सुचविले, वर्गणीदारांना अंक द्या. टेलिफोन नंबराचा उगम असा सांगितला जातो. ऑपरेटरच्या डोक्यातील ज्ञान कागदावर उतरविण्याचा हा पहिला प्रयत्न होय. आणि गंमत अशी की, त्याची प्रेरणा सोय ही नसून भीती ही होती.

दुसऱ्या प्रयत्नाची प्रेरणा संशयाची होती. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे ऑल्मन स्ट्राउजर नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीचे साहित्य पुरविण्याचा व्यवसाय करीत. कोणाच्या घरी मृत्यू झाला की लोक त्यांना टेलिफोन करीत, पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. बोर्डावर बसणारी बाई ही त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी असून ती सगळी गिऱ्हाइके आपल्या नवऱ्याकडे वळविते, अशी त्यांची समजूत झाली. या कथेत तथ्य किती आणि तिखटमीठ किती हे आता कोणी सांगू शकणार नाही. मात्र त्या रागातून जे निर्माण झाले ते पेटंटच्या दप्तरात १० मार्च १८९१ या तारखेने नमूद आहे. मध्यस्थावाचून जोडणी करणारे यंत्र! त्यावर चालणारे पहिले एक्स्चेंज इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे ३ नोव्हेंबर १८९२ रोजी उघडले.

स्ट्राउजरचे यंत्र समजावयास अवघड नाही. एका उभ्या दांड्याभोवती अर्धवर्तुळात संपर्काचे बिंदू मांडलेले असतात. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा बिंदू, असे एकूण शंभर. तुम्ही सात फिरविलेत की तारेतून सात ठोके जातात आणि दांडा सात मजले वर चढतो. नंतर तीन फिरविलेत की तो आडवा वळून तिसऱ्या बिंदूवर थांबतो. झाली ७३ नंबरची जोडणी. दांड्याला कोणाची ओळख नाही, कोणाचा नवरा नाही, कोणाचा राग नाही. पक्षपाताचा प्रश्न कायमचा सुटला, असे त्या वेळी कोणाला वाटले असल्यास नवल नाही.

आपल्या देशात एक्स्चेंज आले ते ब्रिटनमधल्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीच्या हस्ते. २८ जानेवारी १८८२ रोजी मेजर बेअरिंग यांनी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील एक्स्चेंजे उघडल्याचे जाहीर केले. कलकत्त्याचे एक्स्चेंज कौन्सिल हाउस स्ट्रीटवरील सात नंबरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होते आणि आरंभी वर्गणीदार त्र्याण्णव. स्वयंचलित एक्स्चेंज त्यानंतर तीस वर्षांनी, १९१३-१४ साली आले, आणि ते आले सिमल्यास, सातशे लाइनींचे. मुंबईच्या पेढ्या राहिल्या बाजूला, कलकत्त्याच्या गोद्या राहिल्या बाजूला, आणि दरसाल उन्हाळ्यात ज्या डोंगरावर सरकारच्या फायली चढत त्या डोंगराला हा मान मिळाला. मला या गोष्टीचे आश्चर्य वाटत नाही. टेलिफोनवर पहिला हक्क नेहमी कचेरीनेच सांगितलेला आहे.

कचेरीला मात्र गावच्या एक्स्चेंजखेरीज आणखी एका गोष्टीची गरज होती. शंभर मेजे असली तरी शंभर लाइनी घेणे परवडत नाही. आणि बहुतेक बोलणे या खोलीतून त्या खोलीत असते. म्हणून इमारतीतल्या इमारतीत एक लहान एक्स्चेंज, त्याला जोडलेली एक्स्टेन्शने, आणि बाहेर जाणाऱ्या मोजक्या लाइनी अशी व्यवस्था निघाली. हिला प्रथम पीबीएक्स म्हणत. म्हणजे खाजगी शाखा एक्स्चेंज. ती स्वयंचलित झाल्यावर मध्ये ए आला, पुढे इलेक्ट्रॉनिक झाल्यावर आरंभी ई आला, आणि आज कोणत्याही भारतीय कचेरीत ईपीएबीएक्स हा शब्द शिपाईसुद्धा न अडखळता उच्चारतो. नावात एकेक अक्षर वाढत गेले तसतसे बोर्डावरील बाईंचे एकेक काम कमी होत गेले.

बाहेरच्या लाइनी किती घ्याव्या, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर एका मनुष्याने आयुष्य खर्च केले. डेन्मार्कमधील आग्नर क्रारुप अरलांग हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गणिती होते. १९०९ व १९१७ या साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांवर आजही सारे दळणवळणशास्त्र उभे आहे. एक लाइन तासभर सतत व्यापलेली असली म्हणजे एक अरलांग, असे माप पुढे त्यांच्या नावाने रूढ झाले. त्यांच्या सूत्राने एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शंभरात एखाद्याच फोनला रिकामी लाइन मिळू नये, इतपत चांगली सेवा द्यावयाची असेल, तर पाच लाइनींवर सुमारे १.३६ अरलांग इतकेच बोलणे मावते. दहा लाइनींवर मात्र ते ४.४६ अरलांग, म्हणजे तिपटीहून अधिक मावते. एक बोलणे सरासरी तीन मिनिटांचे धरले तर दहा लाइनींतून तासाला एकोणनव्वद बोलणी होतील. आता एखाद्या कचेरीने त्याच दहा लाइनींतून पाच वरिष्ठांसाठी राखून ठेवल्या आणि पाच बाकीच्यांना दिल्या, तर? दोन्ही मिळून बोलणी होतील चोपन्न. राखीव म्हणून बाजूला काढलेल्या लाइनी वरिष्ठांच्या उपयोगी पडतात त्याहून अधिक त्या इतरांच्या हातून जातात. आणि ही तूट कोणाच्याही हिशेबात दिसत नाही, कारण न लागलेल्या फोनचे बिल येत नाही.

नोव्हेंबर १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर या दोन शहरांमध्ये ऑपरेटरवाचून थेट नंबर फिरविण्याची सोय झाली. एसटीडी हे तीन अक्षरी नाव पुढे गावोगावच्या पाट्यांवर झळकले. कचेऱ्यांना मात्र तिने एका नव्या धास्तीत टाकले. तोपर्यंत परगावी फोन करावयाचा म्हणजे ट्रंक कॉल नोंदवावा लागे, आणि तो नोंदविणारी बाई कोणी कोठे किती मिनिटे केला हे जाणत असे. आता कोणीही कारकून संध्याकाळी मामाशी बोलू शकणार! यावर उपाय म्हणून डायलच्या भोकात अडकवावयाचे एक लहानसे कुलूप बाजारात आले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना त्याच्यावरची तोडही आठवत असेल. डायल फिरविल्याने तारेत ठोकेच जातात. मग रिसीव्हर ठेवावयाच्या खटक्यावर बोटाने तितकेच ठोके दिले तरी एक्स्चेंजला फरक कळत नाही. सेकंदाला दहा या लयीत ठोके मारणारे तरबेज लोक प्रत्येक कचेरीत एक-दोन असत. शून्यासाठी दहा ठोके द्यावे लागत, तेथे बहुतेकांची लय चुके.

या खटक्यातच पुढच्या साऱ्या सोयींचे बीज होते. टेलिफोनच्या दोन तारांवरून यंत्राला सांगता येण्याजोगे मूळ शब्द फारच थोडे. खटका क्षणभर दाबला तर तो अंकाचा ठोका. त्याहून किंचित अधिक वेळ दाबला तर ‘थांब, मला काही सांगावयाचे आहे’. आणि आणखी वेळ दाबून ठेवला तर बोलणे संपले. आपल्या छंदःशास्त्रातील लघू, गुरू आणि यती यांच्याशी याचे नाते लावण्याचा मोह होतो. आलेला फोन दुसऱ्या खोलीकडे पाठविणे, पहिल्याला थांबवून तिसऱ्याशी बोलणे, तिघांनी एकत्र बोलणे, ही सारी कामे त्या मधल्या दाबावर चालतात. पुष्कळांना आपल्या मेजावरचा फोन दुसरीकडे देता येत नाही, मध्येच कटतो, याचे कारण बहुधा एवढेच की, त्यांचा गुरू लांबून यती होतो.

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत बटणांचा टेलिफोन सेवेत आला. त्यात ठोके नाहीत, सूर आहेत. आणि प्रत्येक अंकाला दोन. पाचाचे बटण दाबले की ७७० व १३३६ कंपनांचे सूर एकदम वाजतात. माणसाच्या आवाजाने किंवा शिट्टीने चुकून अंक उमटू नये म्हणून ही जोडी. पाच वर्षांनी त्यावर तारा आणि हॅश ही दोन बटणे वाढविली. आधीची दहा बटणे माणसांना हाक मारण्यासाठी होती. ही दोन यंत्राला आज्ञा करण्यासाठी. त्याच सुमारास अमेरिकन सैन्याच्या ऑटोव्हॉन नावाच्या टेलिफोनजाळ्यात बटणांची एक चौथी रांगही होती. तीतील वरच्या दर्जाचे बटण दाबले की खालच्या दर्जाचे चालू बोलणे तुटून लाइन मोकळी होई. सर्वांत वरचे बटण अर्थातच राष्ट्राध्यक्ष व सर्वोच्च सेनापती यांच्यासाठी. उतरंडीची एवढी स्वच्छ कबुली मुलकी कचेऱ्यांनी कधी दिली नाही. त्यांनी ती आज्ञावलीत लपविली.

आज्ञावलीवर चालणारे एक्स्चेंज प्रथम १९६० साली इलिनॉय राज्यातील मॉरिस या लहान गावी प्रयोगादाखल चालविण्यात आले. तोपर्यंत एक्स्टेन्शनचा नंबर बदलावयाचा म्हणजे तारा सोडवून दुसरीकडे डाग देऊन जोडावयाच्या. नियम तारेतच गुंफलेला असे. आता नियम निराळा आणि तार निराळी झाली. १९६३ साली फ्लॉरिडातील कोको बीच येथे याच तत्त्वावरचे खास कचेऱ्यांसाठीचे एक्स्चेंज बसले, आणि ३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतील सुकासना येथे सबंध गावाचे. या गावच्या यंत्राची आज्ञावली ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर लहान लहान चुंबकांच्या रूपाने कोरलेली असे. फोन दुसरीकडे वळविणे, नेहमीच्या नंबरांना दोन अंकी संक्षेप देणे, बोलणे चालू असता दुसरा फोन आल्याची सूचना मिळणे, या आज क्षुल्लक वाटणाऱ्या सोयी त्या पत्र्यांतून निघाल्या.

या यंत्रांच्या इतिहासात एका बाईंचे नाव ठळकपणे येते, आणि त्या बोर्डावर बसणाऱ्या नव्हत्या. एर्ना हूवर या तत्त्वज्ञान आणि गणिताचा पाया या विषयांत येल विद्यापीठाच्या डॉक्टर. १९५४ साली बेल प्रयोगशाळेत रुजू झालेल्या. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजवर एकाएकी फोनांचा लोंढा आला की ते गुदमरून बंद पडे. त्यावरचा उपाय त्यांनी दुसऱ्या कन्येच्या जन्मानंतर रुग्णालयातील खाटेवर टिपून ठेवला. लोंढा आला म्हणजे यंत्राने हिशेब, नोंदी वगैरे मागे टाकावे आणि फोन घेणे, जोडणे हे आधी करावे. किती फोन येत आहेत ते पाहून स्वतःच हे प्राधान्य बदलावे. १९७१ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. मला हे वाचताना राहून राहून आमच्या बाई आठवल्या. गर्दीच्या वेळी त्याही वही मिटून ठेवीत आणि आधी फोन घेत.

आपल्याकडे याची सुरुवात झाली ती ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेपासून. सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेत डिजिटल एक्स्चेंजे घडविण्याचा अनुभव घेतलेला होता. छत्तीस कोटी रुपये आणि छत्तीस महिने, असा संस्थेशी करार. तिने १२८ लाइनींचे लहान एक्स्चेंज सिद्ध केले, ते कचेऱ्यांच्या उपयोगाचे होते आणि खेड्यांच्याही. भारतातल्या धुळीत, उन्हात, वातानुकूलनावाचून ते चालावे हा मुख्य कटाक्ष. खेड्यासाठीचे पहिले एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे, म्हणजे राणी चन्नम्मांच्या गावी सुरू झाले. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत भारतीय बनावटीची ईपीएबीएक्स यंत्रे बँका, रुग्णालये, तहसील, साखर कारखाने अशी सर्वत्र पसरली.

ही यंत्रे आपल्या कचेरीच्या रीतीप्रमाणे घडवून घ्यावी लागतात. पद्धत बहुधा अशी. एका ठरावीक फोनचा रिसीव्हर उचलावयाचा, गुप्त संकेतांक दाबावयाचा, मग सोयीचा अंक, मग एक्स्टेन्शनचा, मग काय करावयाचे त्याचा. यंत्राला मान्य असेल तर एक लांब सूर ऐकू येतो. कंपनीगणिक अंक निराळे, पण व्याकरण एकच. या व्याकरणाने प्रत्येक एक्स्टेन्शनला एक वर्ग द्यावयाचा असतो. कोणाला इमारतीतच बोलता येईल, कोणाला गावात, कोणाला परगावी. कचेरीच्या भाषेत याला ‘झिरो असणे’ असे म्हणतात, कारण शून्य दाबले की बाहेरची लाइन मिळते. ‘माझ्या फोनला झिरो नाही’ हे वाक्य मी जितक्या व्यथित स्वरांत ऐकले आहे तितक्या व्यथित स्वरांत बढती हुकल्याचेही ऐकलेले नाही. याखेरीज कोणाच्या चालू बोलण्यात कोणाला शिरता येईल, कोणाचा फोन आधी स्वीय सहाय्यकाकडे वाजेल, कोणाला ‘व्यत्यय नको’ म्हणता येईल, बाहेरून येणारा फोन दिवसा कोठे वाजेल आणि रात्री कोठे, हे सारे त्या अंकांत ठरते. स्ट्राउजरने ज्या पक्षपाताला दारातून हाकलले तो खिडकीतून आत आला. फरक इतकाच की, बोर्डावरील बाईशी भांडता येत असे.

संकेतांकाविषयी एक सूचना. यंत्र कारखान्यातून येताना त्याला जो संकेतांक असतो तो छापील पुस्तिकेतच दिलेला असतो आणि बहुतेक कचेऱ्या तो बदलीत नाहीत. परक्या माणसाने बाहेरून शिरून अशा यंत्रावरून परदेशी फोन करावे आणि बिल कचेरीला यावे, असे प्रकार जगभर झालेले आहेत.

आता त्या वहीकडे वळतो. बाई ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाल्या. नवे ईपीएबीएक्स एप्रिलमध्येच आले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोर्ड काढून ते चालू करण्यात आले. ठेकेदाराचा तरुण मुलगा दोन दिवस बसून अंक भरीत होता. आस्थापना शाखा तेव्हा माझ्याकडे होती. तो येऊन म्हणाला, “साहेब, रात्रीचा फोन कुठं टाकायचा?” मी कसल्याशा विधिमंडळाच्या प्रश्नाचे उत्तर लिहीत होतो. “पूर्वीसारखाच,” मी म्हणालो आणि मान वर केली नाही. पूर्वी काय होते हे त्याला ठाऊक नव्हते, आणि खरे तर मलाही नव्हते. दिवसा बाहेरचे फोन वरिष्ठांच्या स्वीय सहाय्यकाकडे वाजत, म्हणून त्याने रात्रीचेही तेथेच टाकले. लांब सूर वाजला असेल. यंत्राने आज्ञा मान्य केली.

ऑगस्टमध्ये एका रात्री नदीला पूर आला. वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले. जुना टेलिफोन मात्र चालू होता, कारण त्याला वीज घरची लागत नाही. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून अठ्ठेचाळीस व्होल्टचा पुरवठा तारेतूनच येतो. आमच्या कचेरीतले यंत्रही आपल्या बॅटरीवर चालू होते. नदीकाठच्या एका गावाहून तलाठी फोन करीत होते. नियंत्रण कक्षात तीन माणसे कंदील लावून जागी बसली होती आणि त्यांच्यापुढचा फोन वाजत नव्हता. तो दोन मजले वर, कुलूपबंद खोलीत वाजत होता. पाण्याच्या आवाजात तो कोणाला ऐकू जाण्याचे कारण नव्हते.

सकाळी यंत्राला जोडलेल्या छपाईयंत्राची पट्टी मी पाहिली. एकाच नंबरावरून अकरा फोन. पहिला १ वाजून १२ मिनिटांनी, शेवटचा २ वाजून ५० मिनिटांनी. प्रत्येकापुढे अनुत्तरित. तलाठ्यांनी शेवटी वाट पाहणे सोडले आणि गावातील पोरांना हाताशी धरून वस्ती शाळेत हलविली. माणसे वाचली, ती त्यांच्यामुळे. गोठ्यांतील जनावरे सोडावयास वेळ राहिला नाही. पंचनाम्याला मीच गेलो. एका म्हातारीने दावणीचे दोर दाखविले. ते तुटलेले नव्हते. तलाठी माझ्याशी नेहमीसारखेच अदबीने बोलले आणि फोनाचा विषय त्यांनी काढला नाही. चौकशीत ‘यंत्रातील दोष’ असे लिहिले गेले. ते खरे नाही, हे ज्याला ठाऊक होते त्याने त्या कागदावर सही केली आहे.

बाईंची वही पुढे मला जिन्याखालच्या खोलीतील कपाटात सापडली. रात्रीच्या लाइनीविषयीचे वाक्य पहिल्याच पानावर, लाल शाईने अधोरेखित होते. मी ती वही पुढ्यात घेऊन, एकेक टीप वाचून यंत्र पुन्हा घडवून घेतले. तिच्यातील साधारण निम्म्या टिपांना यंत्रात अंक होता. ‘मनुष्य दुकानात उभा राहून बोलतो’ या टिपेला नव्हता. ती मी नव्या स्वागतिकेच्या मेजावर काचेखाली ठेवली. ती तेथे किती दिवस राहिली, कोण जाणे.

त्यानंतर यंत्रे पुष्कळ बदलली. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याला आपल्या लहानशा धंद्यासाठी टेलिफोन यंत्र विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारे एक्स्चेंजच लिहून काढले आणि सर्वांना मोफत दिले. बटणांवरच्या ताऱ्याचेच नाव त्याने त्याला दिले: ॲस्टरिस्क. आज कित्येक कचेऱ्यांत एक्स्चेंज म्हणून दाखविता येईल अशी पेटीच नसते. आवाज संगणकाच्या जाळ्यातून जातो आणि नियम दूर कोठल्या तरी शहरातील यंत्रावर असतात. रात्रीचा फोन कोठे वाजावा हे मात्र तेथेही कोणाला तरी भरावेच लागते, आणि ते भरणारा मुलगा तेथेही कोणाला तरी विचारतो.

माझ्या बदल्या होत राहिल्या. नव्या जागी रुजू झालो की पहिल्या आठवड्यात एका रात्री, साधारण एकच्या सुमारास, मी घरून कचेरीचा जाहीर नंबर लावतो आणि घड्याळ पाहत बसतो. कधी कोणी उचलीत नाही. मग दुसऱ्या दिवशी ते अंक पाहावे लागतात. सध्याच्या ठिकाणी चौथ्या घंटीला फोन उचलला गेला. पलीकडून झोपमोड झालेल्या आवाजात पहारेकऱ्याने कचेरीचे नाव पूर्ण सांगितले आणि विचारले, “कुठून बोलताय? पाणी किती आलंय?”